ब्रेकचा होज: बघायचा की बदलायचा?

खाजगी मोटार एकदा पासिंग होऊन दारात उभी राहिली की पुढची पंधरा वर्षं तिच्या ब्रेककडे कोणी सरकारी माणूस ढुंकूनही बघत नाही. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, विमावाला हप्ता बघतो. टॅक्सी, पिकअप, ट्रक यांना नवेपणी दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षं उलटली की दरसाल फिटनेस काढावा लागतो. घरच्या गाडीची गाठ आरटीओशी पडते ती थेट नोंदणी वाढवून घेताना, पंधराव्या वर्षी. म्हणजे एमएच-४२ ची पाटी लावून बारामती-इंदापूर पट्ट्यात फिरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकची काळजी दोघांनीच घ्यायची: मालकानं आणि त्याच्या मिस्त्रीनं. मालकाला बहुधा त्यातलं कळत नाही आणि मिस्त्रीला कोणी विचारत नाही.

त्यातही पॅड झिजले की किंचाळतात, ऑइल फार उतरलं की मीटरवर लाल दिवा लागतो. रबराचा होज काही सांगत नाही. बॉनेटखालून निघालेली ब्रेकची नळी लोखंडी असते. पण चाक खड्ड्यात वर-खाली होतं, पुढचं चाक वळतंही. तिथे लोखंड टिकणार नाही म्हणून शेवटच्या हातभर अंतरात ही रबरी नळी येते. आतलं भोक जेमतेम तीन मिलिमीटरचं. टायरमध्ये आपण ३२-३३ पौंड हवा भरतो. जोरात ब्रेक मारला की या नळीत हजार पौंडांच्या वर दाब जातो. तो पेलायला आत ईपीडीएम रबराची नळी, तिच्यावर दोऱ्याच्या विणीचे थर आणि वरून पुन्हा रबराचं कवच. आपल्याला दिसतं ते कवच. मी ऐकलेलं भांडण या कवचावरूनच जुंपलं होतं.

बारामतीत इंदापूर रस्त्याला लागून एक गॅरेज आहे. मिस्त्री पन्नाशीकडे झुकलेला, आयटीआयमधून शिकून निघालेला. ज्यांच्या हाताखाली शिकला ते निदेशक सर आता निवृत्त आहेत आणि इंदापूर तालुक्यातल्या आपल्या गावाहून गाडी घेऊन अजूनही याच्याकडेच येतात. गळिताचा हंगाम ऐन भरात होता. सरांची गाडी जॅकवर, खाली घोड्या लावलेल्या, पुढची चाकं काढलेली. चारही होज बदल, असं सरांनी फर्मान सोडलं होतं आणि विद्यार्थी ऐकत नव्हता. मी माझ्या गाडीचं काम उरकायची वाट बघत बाकावर बसलो होतो.

मिस्त्री: सर, होजला झालंय काय? तडा नाही, फुगवटा नाही, ओल नाही. चांगली वस्तू काढून भंगारात टाकायची ती कशासाठी?

सर: दहा वर्षं झाली. तेवढं कारण पुरे.

मिस्त्री: तुमच्या दातांना साठ झाली. काढले का?

सर: दोन काढले. दोन्ही वरून पांढरेशुभ्र होते आणि आतून किडलेले.

मिस्त्री: दुखले म्हणून काढले ना? मग होज दुखायला लागला की बघू.

सर: दात दुखला तर माणूस रात्रभर तळमळतो. होज दुखला तर कोण तळमळेल, ते सांग. तू फक्त कवच बघतोयस.

मिस्त्री: कवचच बघतो, पण नुसत्या डोळ्यानं नाही, बोटानं बघतो. या इकडं.

मीही उठून गेलो. मिस्त्रीने मडगार्डच्या आतली माती खरवडायला घेतली होती. कालव्याखालच्या बागायतीतली काळी माती पावसाळ्यात चाकाबरोबर वर चढते, होजच्या क्लिपेभोवती बसते आणि हिवाळ्यात वाळून कडक होते. त्या मातीत उसाचं पाचट अडकलेलं होतं. ढेकूळ निघालं तसं होजवर पेराएवढी जागा घासून गुळगुळीत झालेली दिसली. रबर गेलं नव्हतं, पण त्यावरची छापील अक्षरं पुसली होती. मिस्त्रीने ओल्या फडक्याने ती जागा पुसली, होज दोन बोटांत धरून वाकवला आणि ताणलेल्या बाजूवर टॉर्च मारला. एकही बारीक रेघ उघडली नाही. मग टोकाशी, जिथे रबर लोखंडी टोपीत दाबून बसवलेलं असतं, तिथे परत वाकवला.

मिस्त्री: तडा पहिला इथं येतो, टोपीच्या तोंडाशी. आतली दोऱ्याची वीण दिसली तर मग चर्चा नाही, गाडी दारातनं हलवायचीच नाही. ओल दिसली तर बोट लावून बघायचं. ग्रीस चिकट आणि काळं असतं, ब्रेक ऑइल पातळ आणि निसरडं. गाडीच्या रंगाला लागलं तर रंग सोडवतं. मग पोऱ्याला आत बसवायचं, इंजिन चालू करून पॅडल जोरात दाबून धरायला लावायचं. मी होज हातात धरून बसतो. चांगली नळी हाताला कळेल इतकी फुगत नाही. एकाच जागी गाठ वर आली तर आत वीण तुटलीय. मग स्टेअरिंग पार उजवीकडं, पार डावीकडं. टायरला घासतोय का, स्प्रिंगला लागतोय का? चाक जॅकवर लोंबतंय तेव्हा नळी ताणतेय का? एवढं सगळं केल्यावर मी म्हणतो, होज चांगला आहे.

सर: हे सगळं तुला मीच शिकवलंय.

मिस्त्री: मग मार्क द्या की.

सर: शंभरातले पन्नास. नळीला बाहेरची बाजू असते, तशी आतलीही असते.

मिस्त्री हसला. टेबलाच्या ड्रॉवरमधून त्याने एक जुना होज काढला. हॅक्सॉच्या पात्याने उभा चिरलेला.

मिस्त्री: तुमच्या बाजूचा साक्षीदार माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, घ्या. दूध वाहणाऱ्या पिकअपचा. उजवं चाक तापतंय म्हणून आला होता. दुसरीकडं दोनदा पॅड बदलले, कॅलिपरचं किट टाकलं, तरी चाक तापायचं ते तापायचंच. डिस्कचा रंग निळसर पडला होता.

मी तो होज हातात घेतला. बाहेरून नवाकोरा वाटावा असा, तुकतुकीत काळा. आत मात्र एका जागी नळी फुगून रबराचा पापुद्रा सुटला होता आणि भोकावर आडवा आला होता. पॅडल दाबलं की हजार पौंडांपुढे तो पापुद्रा बाजूला सरतो आणि ऑइल कॅलिपरमध्ये जातं. पाय काढला की परत येणाऱ्या ऑइलला तेवढा जोर नसतो. पापुद्रा आडवा येतो आणि दाब आतच कोंडून राहतो. पॅड डिस्कला चिकटलेले, गाडी आपली चाललेली, चाक तापतंय.

मी: पण दोष होजमध्येच आहे हे न चिरता कसं कळलं?

मिस्त्री: सोपं आहे, दादा. चाक जॅकवर घेतलं. पॅडल दाबलं, सोडलं. चाक हातानं फिरेना. आधी होजच्या वरचा, लोखंडी नळीचा नट थोडा सैल केला. ऑइल पाझरलं, पण चाक तसंच जाम. म्हणजे दाब मास्टर सिलिंडरनं धरलेला नव्हता. तो नट आवळला आणि खालचं, कॅलिपरचं निप्पल खोललं. चिर्र करून ऑइल उडालं आणि चाक मोकळं. मग दाब अडकला होता कुठं? होजमध्ये. कॅलिपरच जाम असता तर निप्पल खोलूनही चाक सुटलं नसतं.

ही तपासणी मला फार आवडली. पाच मिनिटांचं काम, एक पाना आणि एक जॅक. त्या पिकअपच्या मालकाने मात्र आधी पॅडचे पैसे मोजले, मग परत पॅडचे, मग किटचे.

सर: आता यांना मालकाला कळेल अशी खूण सांग. हे काही नट खोलत बसणार नाहीत.

मिस्त्री: तुम्हीच सांगा. मार्क तुमच्या हातात आहेत.

सर: उजवा होज आतून चोंदला असेल तर ब्रेक मारताना गाडी पहिल्यांदा डावीकडे ओढते, कारण उजव्या चाकाला दाब उशिरा पोचतो. आणि पाय काढल्यावर उजवीकडे ओढते, कारण तो दाब उशिरा सुटतो. ब्रेक मारताना एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला असं झालं की अलाइनमेंट करत फिरू नये. दुसरी खूण म्हणजे दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवली की चारही चाकांजवळ नुसता हात न्यायचा. डिस्कला लावायचा नाही, फोड येईल. एकच चाक इतरांपेक्षा फार धगधगत असेल तर तिथं काहीतरी अडलंय. तिसरी, पॅडल मऊ लागतंय आणि एअर काढूनही मऊच राहतंय. मग नळी फुगतेय का ते बघायचं. आता मिस्त्री, खरं सांग. हा चिरलेला होज तू नुसता वरून वाकवून बघितला असतास तर पास केला असतास की नाही?

मिस्त्री: केला असता.

सर: म्हणून पन्नास.

इथे वाद संपला असं मला वाटलं. पण मिस्त्रीने ड्रॉवरमध्ये पुन्हा हात घातला आणि दुसरा होज टेबलावर टाकला. हा खरोखरच नवा होता. टोपीच्या कडेला धुळीची ओली काळी रेघ होती, तेवढीच.

मिस्त्री: आता माझा साक्षीदार. हा पठ्ठ्या एक पावसाळासुद्धा टिकला नाही. टोपी नीट दाबलेली नाही, तिथनं पाझरतोय. आणि बसवला कशासाठी होता? मालकानं कुठंतरी ऐकलं की सहा वर्षं झाली, होज बदला. चांगला कंपनीचा होज काढला आणि पाकिटावरचं नाव बघून हे बसवलं. सर, जुना होज माझ्या हातात असता तर मी अजून चार वर्षं चालवला असता.

सर: होजवर काय छापलंय ते बघायचं होतं. आयएस ७०७९ किंवा एसएई जे १४०१, बनवणाऱ्याचं नाव, महिना आणि साल. यावर काय आहे? एक पांढरी पट्टी आणि बाकी कोरा.

मिस्त्री: छापायला शाई लागते, सर. परीक्षा द्यावी लागत नाही.

सर: पण ज्यानं परीक्षा दिली त्यानं काय दिलंय ते माहीत आहे का? अमेरिकेच्या नियमात होजला चार हजार पौंडांचा दाब दोन मिनिटं पेलावा लागतो आणि यंत्रावर सलग ३५ तास गरागरा हलवतात, तरी फुटता कामा नये.

मिस्त्री: बघा! चार हजार पेलणारी वस्तू. आपण तिच्यात टाकतो हजार-दीड हजार. म्हणजे दुपटीहून जास्त ताकद शिल्लक आहे. मग दहा वर्षांनी बदलायची घाई कशाला?

सर: ती परीक्षा नव्या होजची. दहा वर्षांच्या होजला पुन्हा कोणी परीक्षेला बसवत नाही.

मिस्त्री: गाडीच्या पुस्तकात तरी कुठं लिहिलंय बदला म्हणून? बहुतेक पुस्तकांत लिहिलंय 'तपासा'.

सर: मोटारींच्या. यामाहाच्या मोटारसायकलीचं पुस्तक उघड. ब्रेक होज दर चार वर्षांनी बदला, असं स्वच्छ छापलेलं असतं. रबर तेच, ऑइल तेच. मोटारसायकलीचा होज डोळ्यांसमोर असतो तरी चार वर्षं, आणि मोटारीचा चाकाआड लपलेला, त्याला नुसतं तपासा.

मिस्त्री यावर काही बोलला नाही. त्याची खरी हरकत होजच्या वयाला नव्हतीच, ती पुढे निघाली.

मिस्त्री: सर, तुम्ही वर्गात शिकवलंत ते नव्या गाडीवर. इथं दहा वर्षांचा नट असतो, गंजून लोखंडी नळीला धरलेला. पोऱ्या उघडा पाना लावतो, नट गोल करतो. मग ग्रिप पाना लावतो, नट फिरतो आणि बरोबर नळीही पिळवटते. आला होता होज बदलायला, गेली लोखंडी लाइन. किंवा बसवताना होजला पीळ पडतो. तांब्याचे वायसर जुनेच लावतात, तिथनं पाझरतं. एअर राहते. ऑइलची डबी रिकामी होऊ देतात, एअर एबीएसच्या डब्यात शिरते आणि स्कॅनर लावल्याशिवाय निघत नाही. धडधाकट ब्रेक घेऊन आलेला माणूस आजारी ब्रेक घेऊन जातो. म्हणून मी म्हणतो, चालतंय त्याला हात लावू नका.

मिस्त्री म्हणतो ते घडतं, आणि रोज घडतं. पण त्याने मोजलेले सगळे दोष हाताचे आहेत, त्यातला एकही जुन्या होजचा गुण नाही. वाईट शिंपी गावात आहे म्हणून कोणी फाटका सदरा घालून हिंडत नाही. तेव्हा यातून 'होज बदलू नका' एवढाच निष्कर्ष काढणं मला पटलं नाही. आणि गंमत म्हणजे त्या हातांची पहिली चूक सरांनी तिथल्या तिथे पकडली. शेजारच्या गाडीवर मिस्त्रीच्या पोराने कॅलिपर सोडला होता आणि तो होजच्याच आधाराने लोंबत होता.

सर: हा बघ तुझा पुढचा साक्षीदार. दोन-तीन किलोचं ओझं त्या नळीला टांगलंय. आत कुठं काय सुटलं ते कवचाला कळणारसुद्धा नाही. आणि ऑइल सांडू नये म्हणून होज ग्रिप पान्यात चिमटून ठेवता की नाही?

मिस्त्री: (पोराकडे बघून) तार घे. बांध वर. हजारदा सांगितलंय.

सर: पापुद्रा काय आकाशातून पडतो? बरेचसे असे चिमटूनच होतात. आणि पावसाळ्याच्या तोंडाला गाडीखाली जळकं ऑइल मारता ते?

मिस्त्री: ते गिऱ्हाईक मागतं. गंज चढू नये म्हणून.

सर: ईपीडीएमला पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल चालत नाही. फुगतं, मऊ पडतं. चासीला मारा, पण होजला पिशवी गुंडाळून मारा. ब्रेकच्या डबीत कोणी इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंगचं ऑइल ओतलं, तर होजच काय, मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतचं एकूण एक रबर बदलावं लागतं.

मग बोलणं जुन्या गाड्यांवर गेलं. या भागात ते वालचंदनगरवर गेल्याशिवाय राहत नाही. इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर १९३० च्या दशकात साखर कारखाना उभा करणाऱ्या वालचंद हिराचंदांनीच पुढे १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्याच कंपनीच्या फियाटवर आणि नंतर पद्मिनीवर सर काम शिकले.

सर: तिला एकच लाइन होती. एक होज फुटला की पॅडल थेट पत्र्याला टेकायचं आणि चारही चाकांचा ब्रेक गेला. मग गिअर पाडायचा, हॅण्डब्रेक ओढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

मिस्त्री: तेच सांगतोय. आता दोन लाइनी आहेत. छोट्या गाड्यांत बहुधा कर्णात, म्हणजे पुढचं उजवं आणि मागचं डावं एका लाइनवर. एक होज फुटला तरी दोन चाकं धरतात. मग एवढा घोर कशाला?

सर: धरतात, पण पॅडल एकाएकी निम्म्याच्या खाली जातं. माणूस बिचकतो. ब्रेक गेला असं समजून पाय काढतो, नाहीतर हॅण्डब्रेक खसकन ओढतो आणि गाडी आडवी होते. पॅडल खाली गेलं तरी दाबतच राहायचं, हे किती जणांना ठाऊक आहे?

मला ठाऊक नव्हतं. पॅडल भरभर पंप करत दाबायचं, गिअर एकेक खाली आणायचा, आणि हॅण्डब्रेक हळूहळू, बटण दाबून धरून ओढायचा. हॅण्डब्रेकला बहुतेक गाड्यांत तार असते, त्याचा होजशी संबंध नाही. हे सरांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

मिस्त्री: बरं, वर्षांचं मान्य करू. पण मग सगळ्यांना एकच वर्षं कशी? तुमची गाडी इंदापूर-बारामती. सपाट रस्ता. ब्रेकला काम ते काय?

सर: इथंच तर लोक फसतात. सपाटीवर ब्रेकचा कस लागतच नाही, म्हणून दोष दिसत नाही. आणि मग मे महिन्यात पोरंबाळं, सामानसुमान भरून निघतात कोकणात. भोरवरून वरंधा घाट उतरायचा. पाऊण तास पाय ब्रेकवर. डबीतलं ऑइल डॉट ३ असेल तर नवं असताना २०५ अंशांना उकळतं. पाणी शोषलेलं असेल तर १४० लाच. डॉट ४ असेल तर २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पॅडल जातं खाली.

मी: ऑइलमध्ये पाणी शिरतं कुठून? डबीला झाकण असतं.

सर: झाकणातून, आणि या होजमधूनसुद्धा. रबर आपल्याला घट्ट दिसतं, पण हवेतली ओल त्यातून हळूहळू आत झिरपते. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर होवोत न होवोत.

मिस्त्री: हे मात्र मी सगळ्यांना सांगतो. ऐकतं कोण? कोकणात जायच्या आदल्या दिवशी गाडी आणतात आणि म्हणतात, एसीचा गॅस बघा.

त्याच्या त्या एका वाक्यात या भागाचं सगळं वाहनशास्त्र आहे. इथल्या गाडीला मे महिन्यात चाळिशीपार ऊन लागतं, पावसाळ्यात चिखल, आणि आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला निघाली की तिच्या मागेपुढे पावलापावलाने चालावं लागतं. त्या काळात पाय ब्रेकवरून निघतच नाही. त्यात पालखी मार्गाचं चौपदरीकरण झालं. जिथे रस्ता मोकळा आहे तिथे आठ-दहा वर्षांच्या गाड्याही शंभरच्या वर पळतात. गाडीचा वेग वाढला, होज होते तेच आहेत. पुस्तकातलं 'तपासा' आणि सरांचं 'बदला', दोन्हीला हे पंचांग जोडल्याशिवाय मला अर्थ दिसत नाही: पावसाळा संपून माती धुतली की एकदा आणि घाटात उतरायच्या किमान आठवडाभर आधी एकदा बघायचं. आठवडाभर अशासाठी, की दोष निघाला तर सुटा भाग आणायला वेळ हवा. आणि नुसत्या नजरेला होज कितीही तुकतुकीत दिसला तरी सहा ते आठ वर्षांच्या मध्ये कुठेतरी पुढचे दोन काढायचे. छोट्या गाडीचे पुढचे दोन होज टाकीभर पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतात.

शेवटी तडजोड झाली ती अशी. पुढचे दोन बदलायचे, कारण ते चाकाबरोबर वळतात आणि सगळ्यांत जास्त राबतात. दोन्ही एकदम, एकच बदलला तर दोन बाजूंचा दाब सारखा पोचेलच असं नाही. मागचे होज सरांनी मिस्त्रीच्या बोटांवर सोपवले. मिस्त्रीने अट घातली की माल अधिकृत डीलरकडून, बिलासह आणायचा आणि काम तो स्वतः करणार. सरांनीही अट घातली की ते शेजारी उभे राहणार.

दुपारी माल आला. मिस्त्रीने नटावर गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि चहा प्यायला गेला, तीच त्याची घाई न करण्याची रीत. परत येऊन त्याने फ्लेअर नटाचा पाना लावला, जो नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो. दुसऱ्या पान्याने होजचं टोक घट्ट धरलं, म्हणजे लोखंडी नळी पिळवटणार नाही. नवा होज बसवताना त्याच्यावरची पांढरी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ राहते की नाही ते सर वाकून बघत होते. रेघ वळली म्हणजे होजला पीळ आहे. कॅलिपरकडच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वायसर. क्लिप बसली. मग पोरगा पॅडलवर, मिस्त्री निप्पलपाशी, निप्पलला पारदर्शक नळी आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं.

मिस्त्री: दाब. धर. (निप्पल खोलतो, बुडबुडे येतात, निप्पल आवळतो.) सोड. दाब. धर.

सरांचं लक्ष बॉनेटखालच्या डबीवर होतं. पातळी उतरली की ते सीलबंद डब्यातलं ऑइल ओतत होते. बाटलीतलं जुनं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. बुडबुडे थांबल्यावरही मिस्त्रीने स्वच्छ ऑइल येईपर्यंत काम चालू ठेवलं आणि मागच्या चाकांचंही बदललं. मग इंजिन चालू करून पॅडल अर्धा मिनिट दाबून धरलं. खाली सरकलं नाही. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कशाला लागत नाही ना ते बघितलं, आणि गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी आवारातच चालत्या माणसाच्या वेगाने दोनदा थांबवून बघितली. बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या मार्करने महिना आणि साल लिहिलं. सहा वर्षांनी की आठ, यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून पुढची तारीख लिहिलीच नाही.

काढलेले दोन्ही होज मिस्त्रीने तिथेच चिरले. डावा आतून स्वच्छ निघाला. उजव्याच्या आत, मातीने घासलेल्या जागेपासून बरंच दूर, नळी एका बाजूने फुगायला लागली होती. भोक अजून मोकळं होतं. दोघांनीही तो उजेडात धरून बघितला आणि दोघांनीही आपलंच खरं ठरलं असं तोंड केलं. मिस्त्रीने उजवा ड्रॉवरमध्ये टाकला.

सर: झालं. आता भवानीनगरच्या साखर कारखान्यापुढच्या रांगेत पुढचा ट्रॅक्टर एकदम थांबला तरी माझी गाडी जागच्या जागी उभी राहील.

मिस्त्री: तुमची राहील, सर. तुमच्या मागच्या ट्रॅक्टरचं काय? दोन ट्रॉल्या भरून ऊस, आणि त्यातल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो.

सर: मग त्यांचं बघत नाहीस का तू?

मिस्त्री: होजच नाही तिथं. बघायचा कुठला आणि बदलायचा कुठला?